तुरिनचा करारनामा आणि आपलं साचाखातं

साधूसंतांच्या चरित्रांवर माझा भरवसा नाही. लिहिणारा मठातला, वाचणारा मठातला, मग चमत्काराला काय तोटा! तरी इटलीतल्या एका कॅथलिक पाद्र्यावर मी हे लिहितोय. त्याचं कारण चमत्कार नाही. कारण एक कागद आहे. 8 फेब्रुवारी 1852 ला तुरिन शहरात स्टॅम्प पेपरवर केलेला करारनामा. एका बाजूला बेर्तोलिनो नावाचा सुतार, दुसऱ्या बाजूला ओदास्सो नावाचा पोरगा आणि त्याचा बाप, आणि मध्ये हा पाद्री.

पाद्र्याचं नाव जॉन बॉस्को. आपल्याकडं शाळांच्या पाट्यांवर ‘डॉन बॉस्को’ असतं तो हाच. ‘डॉन’ म्हणजे तिकडं पाद्र्याला लावायचा मान, पिक्चरमधला डॉन नव्हे. जन्म 16 ऑगस्ट 1815, खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या पोटी. दोन वर्षांचा व्हायच्या आत बाप गेला. पोरवयात दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राबला, अडीअडचणीनं शिकला, आणि 1841 ला पाद्री झाला.

त्या वेळचं तुरिन म्हणजे वाढतं शहर. इमारती उठत होत्या आणि त्या उठवायला डोंगरातल्या खेड्यांतून पोरं येत होती. कुणी गवंड्याच्या हाताखाली, कुणी धुराडी साफ करायला. काम असेल तवर पोटाला, नसेल तेव्हा रस्त्यावर. रस्त्यावरचा पोरगा पोलिसांच्या नजरेत आधीच चोर. बॉस्को तुरुंगांत जायचा. तिथं त्यानं बघितलं की सुटलेली पोरं थोड्या दिवसांत परत आत येतात, कारण बाहेर त्यांचं कुणी नसतं. हे कळायला पाद्री व्हावं लागत नाही, आपल्या कुठल्याही वस्तीत राहिलं तरी कळतं. पण हा माणूस कळल्यावर स्वस्थ बसला नाही.

तो स्वतःच्या आठवणींत एक प्रसंग सांगतो. 8 डिसेंबर 1841. देवळाच्या आतल्या खोलीत एक पोरगा थंडीचा उभा होता. प्रार्थनेच्या वेळी पाद्र्याला मदत कशी करायची ते त्याला येत नव्हतं, म्हणून देवळाच्या नोकरानं त्याला बडवून हाकललं. बॉस्को ओरडला, तो माझा दोस्त आहे, परत बोलव त्याला. पोरगा गवंडीकामावरचा, आईबाप नाहीत, लिहितावाचता येत नाही. आता बॉस्कोनं हे तीसेक वर्षांनी लिहिलंय, त्यात थोडं रंगकाम असणारच. तरी देवळातून बडवून हाकलणं वाचलं की आपला हात पानावर थांबतो. फरक एवढाच, तिकडं परत बोलवणारा भेटला. काळाराम मंदिरापुढं 1930 पासून पाच वर्षं सत्याग्रह चालला, दार उघडलं नाही.

रविवारी पोरं जमवायची, खेळायचं, थोडं देवाधर्माचं, थोडं अक्षर गिरवायचं. शंभर-शंभर पोरं. गोंगाट होणारच. मग एकेका जागेवरून हाकालपट्टी. दफनभूमीजवळून हाकललं, दोरा नदीकाठच्या पिठाच्या गिरण्यांतून हाकललं, भाड्याच्या कुरणातूनही हाकललं. शहराच्या अधिकाऱ्यांना वाटायचं, हा पाद्री पोरं जमवतोय की बंड जमवतोय? गरिबाची चार पोरं एकत्र आली की सरकारला भीती वाटते, हे सगळ्या मुलखांत सारखंच दिसतं. शेवटी 1846 च्या एप्रिलात वाल्दोक्को भागात एक ठेंगणी शेड मिळाली आणि बिऱ्हाड टेकलं. त्याची आई मार्गेरीता खेड्यातलं घर सोडून आली, दहा वर्षं या पोरांचं रांधलं, त्यांचे कपडे शिवले आणि 1856 ला तिथंच मेली. तिच्या नावावर मोठी शाळा कुणी काढलेली ठाऊक नाही, पण तिच्याशिवाय हे उभं राहिलं नसतं असं माझं मत.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. 1850 पासून त्या राज्यात जुनी मापं जाऊन मीटर-किलो येणार होते. बॉस्कोनं आधीच, 1849 ला, साध्या भाषेत त्यावर लहानसं पुस्तक काढलं. नवं माप आलं की दुकानदार आणि मुकादम आधी शिकतात, आणि न शिकलेल्याच्या पदरात कमी पडतं. पुण्यात याच सुमाराला जोतीराव-सावित्रीबाई काय करत होते ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यांनी 1855 ला कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, पण अडाण्याला वजनकाट्यावर लुटतात हे दोघांना दिसत होतं.

आता त्या कागदाकडं येऊ.

उमेदवारीला ठेवलेल्या पोरानं काय करायचं? वस्ताद सांगेल ते. पाणी भर, मालकिणीचं मूल सांभाळ, बाजार आण, मार खा. धंदा शिकणं राहिलं बाजूला. करारात हे सगळं बांधून टाकलं. सुतारानं पोराला सुतारकामच द्यायचं, दुसरी घरगडीपणाची कामं नाहीत. अंगाला झेपेल एवढंच काम. चुकला तर तोंडानं समज द्यायची, हात उचलायचा नाही. सणाची सुट्टी द्यायची. मजुरी किती आणि ती पुढं कशी वाढणार तेही लिहून. पोराकडूनही हमी घेतली की तो नीट वागेल, मन लावून शिकेल. खाली सह्या. वस्तादाची सही घेणं ही त्यातली खरी गोष्ट. दया दाखवणारे तुरिनमध्येही पुष्कळ होते, पण दया करणाऱ्याचं मन फिरलं की ती संपते. सही केलेल्याला कागद दाखवता येतो.

मी सूतगिरणीत काम करतो. लागलो तेव्हा ‘शिकाऊ’ म्हणून लागलो. काय शिकवणार, किती दिवस शिकवणार, नंतर काय, एका ओळीचा कागद दिला नाही. पाळी मात्र पूर्ण कामगाराची. 1852 चा करार वाचताना माझ्या डोळ्यांपुढं कुठलं मशीन आलं ते सांगत बसत नाही.

पण बॉस्कोनं हा रस्ता पुढं तितका वाढवला नाही. बाहेरच्या कारखान्यांत पोरं बिघडतात, वस्ताद नीट वागवत नाहीत, म्हणून 1853 पासून त्यानं स्वतःच्या आवारात जोडे शिवण्याचं आणि शिंपीकामाचं खातं काढलं. मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, 1861 च्या अखेरीस छापखान्याचा परवाना, 1862 ला लोहारकाम. पोरं सुरक्षित झाली हे खरं. पण ती भिंतीच्या आत गेली आणि बाहेरचा मालक होता तसाच राहिला. कामगारांनी संघटना करून मालकाला भिडावं, असं या माणसाला कधी वाटलं नाही. त्याला हवे होते चांगले ख्रिस्ती आणि प्रामाणिक नागरिक. मालक प्रामाणिक आहे का, हा प्रश्न त्याच्या शिकवणुकीत मागंच राहिला.

1859 ला त्यानं सालेशियन संघ स्थापला, 1872 ला मरिया माझारेल्लोबरोबर बायांचा संघ. 1888 ला तो वारला. 1934 ला पोपनं त्याला संत केलं. आज हा संघ 130 हून जास्त देशांत आहे. भारतात 1906 ला तंजावरला आला, 1922 ला आसामात. मुंबईत माटुंग्याची शाळा आणि कुर्ल्याचं तांत्रिक शिक्षण बऱ्याच जणांना माहीत आहे.

एक फरक इथं मोठा आहे. तुरिनमध्ये जोडे शिवणारा गरीब होता, पण जोडे शिवण्याची जात नव्हती. तो पोरगा उद्या छापखान्यात गेला तर कुणाचा विटाळ होत नव्हता. आपल्याकडं हुन्नर हातात असून उपयोग नाही, आधी जन्म विचारतात. मुंबईच्या गिरण्यांत काय होतं? साचाखात्यात पगार बरा. पण धोट्यात नवी कांडी भरली की सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं, आणि आपल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालायचा नाही. म्हणून महार कामगाराला साचाखातं बंद. मालकानं नाही, सोबतच्या कामगारानं बंद केलं होतं. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात कम्युनिस्ट पुढाऱ्यांपुढं हाच प्रश्न टाकला. एका पोराचा एका वस्तादाशी करार तिथं काय करणार? अख्खं खातं अख्ख्या जातीला उघडायचं होतं.

म्हणून 1942 ला बाबासाहेबांनी गव्हर्नर जनरलला जे निवेदन दिलं त्यात तांत्रिक शिक्षणाचं वेगळं प्रकरण आहे. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपली पोरं उमेदवार म्हणून घ्या, अशी ती मागणी. छापखाना आणि लोहारकाम, बॉस्कोचीच खाती बघा. पण बॉस्कोनं ती आपल्या आवारात भरवली, बाबासाहेबांनी ती सरकारकडून हक्कानं मागितली. मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचं मोल बाबासाहेब नाकारत नव्हते. पण बाटलेल्या अस्पृश्याची जात चर्चमध्येही सुटली नाही आणि त्याच्यावरच्या अन्यायाविरुद्ध चर्च उभं राहत नाही, हेही त्यांनी रोखठोक लिहून ठेवलंय.

हल्ली हा संघ खेड्यात पाण्याचं, झाडांचं काम करतो. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात केडगावचं त्यांचं ग्रामीण विकास केंद्र पाणलोटाची कामं करतं. 2015 ला पोप फ्रान्सिसनं पृथ्वीच्या राखणीवर परिपत्रक काढल्यापासून चर्चमध्ये या कामाचा बोलबाला वाढलाय. काम चांगलंच. पण कुठल्याही पाणलोटाच्या कामाला मी एक प्रश्न विचारतो. बांध घातला, पाणी मुरलं, ते वर आलं कुणाच्या विहिरीत? जमीन ज्याची त्याच्या. भूमिहीनाला खणायची मजुरी मिळते, आणि चराईबंदी झाली की त्याची शेळी उपाशी. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहानं 1964 ला जमिनीची मागणी केली होती. ‘टिकाऊ विकास’ म्हणणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी.

आता कामाचं. उमेदवारीचा कायदा 1961 चा आहे. त्यात लेखी करार आणि त्याची नोंद सक्तीची आहे. दरमहा विद्यावेतन आहे. 1973 च्या दुरुस्तीनं अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी जागा राखून ठेवल्यात. आपल्या वस्तीतला पोरगा आयटीआय करून कारखान्यात ‘शिकाऊ’ म्हणून लागला की त्याच्या घरी जा आणि विचारा, करार कुठाय? नोंद झाली का? राखीव जागेवर घेतलं का? नसेल तर पोराला एकट्याला फाटकावर पाठवू नका. चार-पाच जणांनी मिळून जा, कायद्याची प्रत घेऊन.