वाराचे जेवण आणि बोर्डिंगची भाकरी

ज्या घरात चौदा ते अठरा वर्षांची दोन-तीन मुले वाढत आहेत, त्या घरातल्या गृहिणीला पिठाचा अंदाज शेर-पायलीच्या मापाने करता येत नाही. तो परातीत हात घालताना तिच्या मुठीलाच उमजतो, आणि तरीही तालमीतून घामाघूम होऊन, नदीला पोहून किंवा चार-पाच मैलांची शाळा पायी करून आलेली ती पोरे पानावर बसली म्हणजे दुपारसाठी दुरडीत झाकून ठेवलेल्या भाकऱ्या, शिंक्यावरचे दही आणि तळाला राहिलेली आमटी या सर्वांचा फडशा उभ्या उभ्या पडतो. आई तोंडाने कुरकुरते, पण मनातून तिला धन्यता वाटत असते, कारण खाल्लेले अन्न मुलाच्या अंगी लागताना ती रोज पाहत असते. घरातल्या या भुकेचे वर्णन आपल्या वाङ्मयात मुबलक आहे. परंतु विद्येसाठी घर सोडून परगावी गेलेल्या, आणि तितक्याच वाढत्या अंगाच्या मुलाची भूक कोणी आणि कशी भागविली, हा प्रश्न आपल्या शिक्षणाच्या इतिहासात शाळांच्या इमारती आणि परीक्षांचे निकाल यांच्याआड झाकून गेला आहे. आणि माझी अशी धारणा आहे की महाराष्ट्रात विद्या कोणापर्यंत पोहोचली आणि कोणापर्यंत पोहोचली नाही, याचा निर्णय वर्गात होण्यापूर्वी कित्येक पिढ्या स्वयंपाकघरातच होत आलेला होता.

या प्रश्नाचे जुने उत्तर म्हणजे माधुकरी आणि वार. मधमाशी जशी एकाच फुलाला न शिणविता अनेक फुलांतून कण कण वेचते, तसे बटूने पाच घरी उभे राहून, ‘ॐ भवति भिक्षां देहि’ असे म्हणून, मिळेल ते शिजलेले अन्न झोळीत घ्यावे, असा माधुकरीचा शिरस्ता. एका घरचा भात, दुसरीकडचे वरण, तिसरीकडची पोळी असे ते संमिश्र अन्न असे. वार ही त्याहून प्रतिष्ठित समजली जाणारी तजवीज होती: सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, याप्रमाणे सात यजमानांकडे सात दिवस बांधून घ्यावयाचे. पुणे, वाई, सातारा अशा विद्येच्या गावांत अनेक गरीब विद्यार्थी या दोन आधारांवर इंग्रजी शाळांतूनही शिकले. पुण्यात 1909 साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहासारख्या संस्थेने निराश्रित मुलांच्या निर्वाहाला पुढे अधिक व्यवस्थित रूप दिले, पण तिचीही सुरुवात याच दातृत्वाच्या भूमीतून झालेली आहे.

वाराची योजना कागदावर पूर्ण दिसते. मुलाच्या पोटाच्या बाजूने पाहिले म्हणजे तिच्यातल्या फटी दिसू लागतात. सातांपैकी एक यजमान गावाला गेला, किंवा त्याच्या घरी सोयरसुतक आले, की तो वार रिकामा जाई आणि त्या दिवशी मुलाला पाणी पिऊन पाठ म्हणावा लागे. त्याहून अवघड होते ते दुसऱ्यांदा मागणे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची भूक मोठ्या माणसापेक्षा अधिक, आणि लाजही त्या वयात सर्वांत अधिक. परक्या घरी, घरची मुले शेजारच्या पाटावर बसलेली असताना, ‘आणखी भात वाढा’ हे तीन शब्द ओठांवर येऊन परत फिरत. अशा वेळी सारे काही वाढणाऱ्या बाईवर अवलंबून राही. एखादी माउली न विचारताच पानातला भात संपण्यापूर्वी दुसरी मूद ठेवी, मुलाने हात आडवा केला तरी त्याच्या डोळ्यांकडे पाहून वाढी, आणि जाताना चुरमुऱ्यांचा पुडा त्याच्या पंचात बांधून देई. महाराष्ट्रातल्या कित्येक विद्वानांच्या विद्वत्तेत अशा बायकांचा वाटा आहे, आणि त्यांतील बहुतेकींची नावे कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाहीत.

पण या व्यवस्थेचा खरा दोष याहून गंभीर होता, आणि तो झाकून ठेवण्यात कोणाचेच हित नाही. माधुकरीची झोळी मुंज झालेल्या मुलाच्याच खांद्याला शोभते असे समाजाने ठरविलेले होते. कुणब्याचा, माळ्याचा, धनगराचा मुलगा कितीही बुद्धिमान असला तरी त्याला शहरात वार लावून देणारे घर नव्हते. आणि महार-मांगांच्या मुलाला तर ओसरीची पायरीही चढता येत नव्हती. शाळेचा दरवाजा सरकारी हुकुमाने उघडता येतो, स्वयंपाकघराचा येत नाही. आणि शाळेपासून वीस कोसांवर राहणाऱ्या मुलाला दुसरा दरवाजा बंद असेल तर पहिला उघडूनही उपयोग नसतो.

ही गोष्ट ज्यांच्या स्वच्छ ध्यानात आली त्यांत कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. 1901 साली त्यांच्या आश्रयाने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, आणि मग जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना इमारती, जमिनी आणि वार्षिक नेमणुका मिळत गेल्या. 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उघडले. प्रत्येक समाजाचे वसतिगृह वेगळे आणि म्हणून चूल वेगळी, ही त्या काळाची मर्यादा होती. पण चूल पेटली, हे महत्त्वाचे. जैन बोर्डिंगात राहणारा कुंभोजचा एक विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला, आणि परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्याने साफ नकार दिला, म्हणून त्याला ते वसतिगृह सोडावे लागले. एका पंगतीतून उठविलेल्या या मुलाने पुढे साऱ्यांची एक पंगत बसविली. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

भाऊरावांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. धनिणीच्या बागेतील या वसतिगृहाला 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. येथे मराठा, महार, मुसलमान, जैन, मांग अशी मुले एकाच चुलीवरचे एकाच ओळीत बसून खात, स्वतः लाकडे फोडीत, पाणी भरीत, शेतात राबत आणि मग अभ्यासाला बसत. म्हणजे वाढत्या वयाच्या स्वाभाविक भुकेत येथे शारीरिक श्रमाच्या भुकेची भर पडलेली होती.

ही भूक म्हणजे काय, हे ज्याने भाकरी थापलेली नाही त्याला नुसत्या आकड्यांनी कळणार नाही. तरी हिशेब मांडून पाहावा. भात एका पातेल्यात पन्नास जणांचा शिजतो, आमटी पाणी वाढवून लांबविता येते, पण भाकरी एकेकटी जन्माला येते. पीठ मळावयाचे, गोळा परातीत थापावयाचा, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवावयाचा, उलटावयाची, आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला लावून फुगवावयाची. पन्नास मुलांना तीन-तीन भाकऱ्या धरल्या तरी एका वेळेच्या दीडशे होतात. भाकरीला दोन मिनिटे धरली तर एका तव्यावर पाच तास. आणि दोन वेळा मिळून दिवसाची सहा-सात पायल्या ज्वारी, तीही आधी दळावयाची. शिवाय पोटात श्रमाची आग असलेला मुलगा तिसऱ्या भाकरीवर थांबत नसतो.

हे धान्य कोठून येई? त्याचा एक मार्ग मुष्टिफंडाचा होता. खेड्यातल्या बाईने दळणाला बसताना एक मूठ धान्य वेगळ्या गाडग्यात टाकावे, आणि ते गोळा करून वसतिगृहाच्या कोठीत जमा करावे. माधुकरीशी ही योजना ताडून पाहिली म्हणजे दोहोंमधले साम्य आणि अंतर एकदमच ध्यानात येते. दोन्हीकडे देणारा हात बाईचाच, आणि देणे मूठभराचेच; पण माधुकरीत मूठ देणारीला घेणाऱ्याची जात माहीत असे, आणि गाडग्यातल्या मुठीला ती विचारण्याची सोयच नव्हती, कारण चार गावांची ज्वारी एका पोत्यात मिसळली की तिच्या पिठातून कोणाची भाकरी झाली आणि कोणाच्या ताटात पडली, हे सांगणे ब्रह्मदेवालाही शक्य नव्हते.

तरीही कोठी रिकामी होण्याचे प्रसंग आले. भाऊराव निधीसाठी गावोगाव फिरत असत, आणि मुलांची भूक मात्र कोणाच्या फिरतीवर अवलंबून राहत नसे; तेव्हा तिचा भार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर येऊन पडे. सुखवस्तू जैन घरात वाढलेल्या, सोवळ्याओवळ्याचे संस्कार लाभलेल्या या बाईने आपल्या घरात साऱ्या जातींच्या मुलांना घेतले, त्यांच्यासाठी रांधले, त्यांची दुखणीखुपणी काढली, आणि अंगावरचे दागिने एकामागून एक या पोरांच्या धान्यासाठी खर्ची घातले. शेवटी एकदा घरात शिधा उरला नाही आणि विकण्यासारखेही काही उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले. पती हयात असता मंगळसूत्र उतरविणे हे त्या काळच्या स्त्रीला काय वाटत असेल, याची कल्पना आज करता येणार नाही. पण त्यांच्या मनात, मला वाटते, त्या क्षणी शास्त्र नव्हते. शाळेतून परतण्याची मुलांची वेळ होती. 1930 साली त्या वारल्या. त्यांनी मोडलेल्या सोन्याची ज्वारी झाली, ज्वारीचे पीठ झाले, आणि मंगळसूत्र दिले त्या संध्याकाळी बागेतल्या पंगतीत नेहमीइतक्याच भाकऱ्या वाढल्या गेल्या.