सूर्याबाई आणि झोपलेली राजकन्या

मंडळी, चातीचं टोक बोटात शिरून शंभर वर्षं झोपलेली राजकन्या आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकानं ही कथा १६९७ साली पुस्तकात छापली. आपण ऐकतो ती गोष्ट राजपुत्र आला, ती जागी झाली, लग्न लागलं, इथं संपते. पेरोकडं मात्र पुढं बरंच घडतं. राजपुत्राची आई राक्षसकुळातली. तिला नातवंडं आणि सून खायची असते! १८१२ साली जर्मनीत ग्रिम बंधूंनी याच कथेचं जे रूप छापलं, ते लग्नावरच थांबलं. जगभर पसरलं तेही असंच.

आता आपल्या दख्खनकडं येऊ. १८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर दौऱ्यावर होते. सोबत मुलगी मेरी आणि तिची आया ॲना लिबेराता डिसूझा. ॲनानं आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या, मेरीनं लिहून घेतल्या. १८६८ साली लंडनला 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक निघालं.

त्यात सूर्याबाईची गोष्ट आहे. गवळणीची ही लेक गरुडांनी वाढवलेली. दारात अडकलेलं राक्षसाचं नख हाताला रुततं आणि ती निपचित पडते. राजा नख काढतो, ती उठते, लग्न होतं. संपली का गोष्ट? नाही. सवत तिला तळ्यात ढकलते. तिथं सूर्यफूल उगवतं. ते जाळलं तर राखेतून आंब्याचं झाड येतं, आणि त्या आंब्यातून सूर्याबाई परत येते.

आम्हाला वाटतं, फरक इथंच आहे. बाईचा खरा जाच लग्नानंतर सुरू होतो, हे आजीला ठाऊक होतं. म्हणून तिनं गोष्ट अर्ध्यात सोडली नाही.

आणखी एक. पेरोच्या पुस्तकातल्या चित्रात सूत कातत गोष्ट सांगणारी म्हातारी आहे. तिला स्वतःचं नाव नाही. ॲनाचं नाव मात्र छापलं गेलं, तिची जीवनकहाणीसुद्धा.

आपलं भोकर तेव्हा निजामाच्या राज्यात. इथल्या मराठी-तेलुगू बोलणाऱ्या आज्यांच्या गोष्टी त्या पुस्तकात नाहीत. म्हणून आज घरी गेल्यावर आजीजवळ बसा, मोबाईलवर गोष्ट टिपून घ्या. शेवटी तिचं नाव आणि माहेरचं गाव सांगायला मात्र विसरू नका.