देवळालीच्या मास्तरांची संख्या

विहाराच्या स्मरणिकेत गणित कशाला, असे कुणी म्हणेल. पण 'ललितविस्तर' या बौद्ध ग्रंथातच प्रसंग आहे. तरुण सिद्धार्थ अर्जुन नावाच्या गणितज्ञापुढे कोटीच्या पुढे शंभर-शंभर पटीने मोजत जातो, तो थेट एकावर ५३ शून्यांपर्यंत. आपण मात्र मोठा आकडा पाहिला की दबतो. आकडा पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या वहीत राहिला, आपण अंगठा दिला. मी गिरणीत लागलो तेव्हाही पगाराच्या चिठ्ठीवरची कपात वाचता येणारे आमच्या खात्यात बोटावर मोजण्याइतकेच होते. म्हणून ही संख्या मांडतो:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा आकडे. नऊपर्यंत जिना चढतो, मग तसाच उतरतो. ही कुणी मुद्दाम जुळवलेली नाही. नऊ एक्के लिहा, १११११११११, आणि त्यांना त्यांनीच गुणा. पोराच्या पाटीवर करून पाहा. नऊ ओळी येतात, सगळ्या एक्क्यांच्याच, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या घरात एकच एक्का पडतो, दुसऱ्यात दोन, मधल्या घरात पुरे नऊ, मग पुन्हा आठ, सात. एवढंच गुपित! नऊ ओळींत नऊ-नऊ एक्के, म्हणून उत्तरातल्या अंकांची बेरीजही ८१. दहा एक्के घेतले की मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो अन् जिना मोडतो. तिथे उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते.

अशा संख्यांना 'डेमलो संख्या' हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. अकोल्याहून मुंबईची गाडी धरली की नाशिकच्या पुढे देवळाली लागते. १९३० ते १९६२ ते तिथे शाळामास्तर होते. पुढे कल्याण सुटले की डोंबिवली. त्या स्टेशनाचे जुने नाव डेमलो, अन् ही कल्पना त्यांना तिथेच सुचली. नाव ना देवाचे, ना राजाचे, एका स्टेशनाचे. मला हे फार आवडले.

मास्तरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँगलर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. शिक्षण बी.एस्सी.पर्यंतच. त्यामुळे मोठ्या पदव्यावाल्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांचे काम पोरखेळात काढले. मास्तर थांबले नाहीत, पुस्तिका पदरमोड करून छापत राहिले. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा शोध मांडला. त्याला तर नुसती वजाबाकी पुरते. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घेत. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला नाव कळले. मास्तर सत्तरीचे झाले होते. १९८६ साली ते गेले. आज परदेशातल्या गणिताच्या पुस्तकांत 'कापरेकर' हा शब्द संख्येचे नाव म्हणून छापला जातो.