थंडीची तुलना : नवापूर आणि त्याचा शेजार

नवापूरच्या रेल्वे स्थानकाची गंमत अनेकांना ठाऊक आहे. सुरत-भुसावळ मार्गावरील या स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात येतो आणि काही गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकावर तर दोन राज्यांची सीमाच रंगवलेली आहे. पौषातल्या पहाटे या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्यांचे बोलणे हमखास थंडीवर येते. नाशिककडे पारा किती उतरला, सातपुड्यात डाबला दव गोठले म्हणतात, नंदुरबारला वारा बोचतो, आणि सुरतेत कसली आली आहे थंडी? शेजारच्या मुलखांच्या थंडीची ही तुलना आपण सहज करतो. परंतु तिलाही एक इतिहास आहे, आणि तो तपासला की काही अडचणीचे प्रश्न उभे राहतात.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘हिवाळा’ या शब्दाच्या मुळाशी ‘हिम’ आहे. ज्या प्रदेशात बर्फ पडत नाही, त्याने आपल्या ऋतूचे नाव मात्र बर्फावरून घेतले. याच ‘हिवा’ने मराठीला दुसराही एक शब्द दिला: हिवताप. ‘हिंव भरणे’ म्हणजे हवेतील गारठ्याने कुडकुडणे तसेच तापाच्या आधी हुडहुडी भरणेही. बाहेरची थंडी आणि अंगातली थंडी आपल्या भाषेने एकाच शब्दात ठेवली. नवापूरच्या बाबतीत हा केवळ शब्दाचा योगायोग नाही.

जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंड प्रसिद्ध झाला. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. पूर्व व पश्चिम असे त्याचे दोन भाग १९०६ साली झाले आणि आजचा नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ चा. त्या काळच्या सरकारी कागदांतून पश्चिमेकडील डोंगराळ, जंगलव्याप्त पट्ट्याची ओळख होते ती रोगट हवेचा मुलूख म्हणून. पावसाळा सरला की पूर्वेकडील मैदानात सुखाचे दिवस सुरू होत. इकडे मात्र तोच काळ तापाचा. डास आणि हिवताप यांचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिद्ध केला. तोपर्यंत सारा दोष ‘हवे’च्या माथी होता. परक्या माणसाला ही हवा मानवत नाही, इथल्या भिल्ल-मावच्यांना मात्र ती सोसते, अशी समजूत रूढ झाली. सोसणे आणि न बाधणे यांतला फरक त्या समजुतीत पुसला गेला. स्वतंत्र भारताने १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. तोवर नवापूरचा हिवाळा शेजारच्या मुलखांहून वेगळा ठरत होता तो पाऱ्याने नव्हे, तापाने.

पाऱ्याचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली आणि सिमल्याचे त्याचे कार्यालय १९२८ साली पुण्यात आले. नोंदी वाढल्या तसे विक्रमही जन्माला आले. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश सेल्सिअस, ७ जानेवारी १९४५ रोजी नाशकात ०.६ अंश, आणि आपल्या आठवणीतल्या काळात, डिसेंबर २०१८ च्या अखेरीस, निफाडला १.८ अंश. निफाडचे नाव दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात झळकते, कारण तिथली थंडी खरीच कडक असते. पण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात ती रोज मोजली जाते, हेही त्याचे कारण आहेच. जिथे तापमापक नाही, तिथल्या थंडीला आकडा नसतो. डाब-वालंब्याची थंडी आपल्यापर्यंत पोचते ती बहुधा गवतावर गोठलेल्या दवाच्या छायाचित्रातून.

निसर्गाचा हिशेब पाहिला तरी ही तुलना सरळ नाही. हिमालयात बर्फ पडून गेला की उत्तरेकडून कोरडे वारे मध्य भारतात उतरतात. सातपुडा त्यांना काहीसा अडवतो. तापीचे खोरे पश्चिमेला समुद्राकडे उघडे असल्याने सुरतेकडची हवा दमट, म्हणून तिथल्या रात्री सौम्य. पूर्वेकडे जावे तसा कोरडेपणा वाढतो. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास. उंचीमुळेच तिथे गारवा अधिक. तथापि निरभ्र, निवांत रात्री जड झालेली गार हवा उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते. त्यामुळे कित्येकदा टेकडीच्या उतारापेक्षा तिच्या पायथ्याचे शेत अधिक गारठते. दोन तालुक्यांची तुलना करावी, तर एकाच शिवारात दोन हिवाळे निघतात.

याहून महत्त्वाची गोष्ट उंचीची आहे, डोंगराच्या नव्हे तर तापमापकाच्या. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर, लाकडी झडपांच्या पेटीत असतो. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते आणि जमिनीलगतची हवा पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होते. म्हणूनच पारा शून्याच्या वर असतानाही गवतावर दव गोठू शकते. आकडा असतो कमरेच्या उंचीवरचा. जमिनीवर निजणाऱ्या माणसाची थंडी त्याच्या खालची.

वाऱ्याचेही तसेच. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत, जिथे विनिपेग आणि रेजायना ही शहरे कोणाचा हिवाळा अधिक कठोर यावर वाद घालू शकतात, तिथे नुसत्या पाऱ्यावर कोणी थांबत नाही. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल यांनी अंटार्क्टिकावर पाणी गोठायला लागणारा वेळ मोजून वारा आणि थंडी यांचा संबंध मांडला आणि १९४५ साली तो प्रसिद्ध केला. कॅनडा व अमेरिकेने २००१ साली त्याचे नवे सूत्र स्वीकारले. आपल्याकडे थंडीची लाट ठरते ती तापमानावर: मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी. कसोटी शास्त्राला धरून आहे. परंतु ती ठिकाणाची आहे. माणूस कुठे आणि कशाखाली निजला, हे तिला विचारता येत नाही.

एकाच थंडीची किंमत शेजारी-शेजारी किती बदलते, हे पिकेही सांगतात. जळगावकडच्या केळीवर कडाक्याच्या थंडीत ‘चरका’ पडतो. त्याच दिवसांतली कोरडी हवा नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळवते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या नवापूरच्या तुरीला बेताचा गारवा मानवतो, पण कडक थंडीत फुले गळतात. खानदेशातल्या सुखवस्तू घरांसाठी तर थंडी म्हणजे शेतातली भरीत पार्टी.

आणि याच दिवसांत इथली माणसे गाव सोडतात. दिवाळी झाली की नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातून हजारो कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी राबणाऱ्या या खानदेशी मजुरांचा अभ्यास केला आणि त्यांच्या उघड्यावरच्या बिऱ्हाडांकडे लक्ष वेधले. आकडे पाहिले तर ही माणसे थंड मुलखातून उबदार मुलखात जातात. पण मागे राहते ते कुडाच्या भिंतींचे, शेणामातीने लिंपलेले घर, मधोमध चूल, एका अंगाला गुरे. समोर येते ती ओल्या शेताच्या बांधावरची पाल, खाली उसाचे पाचट, आणि अंधारातच सुरू होणारी तोडणी. पारा चढतो आणि थंडी वाढते. तुलनेची सारी कोष्टके इथे उलटी होतात.

एका हिवाळ्यात आम्ही वर्गात थंडीवर निबंध लिहायला दिला होता. बहुतेक वह्यांत धुके, शेकोटी, तिळगूळ आणि उबदार गोधडी होती. एका मुलीने दोनच परिच्छेद लिहिले. पहिल्यात घरची थंडी, दुसऱ्यात ‘कोयत्यावरची’. लहानपणी आईवडिलांबरोबर काढलेल्या त्या हिवाळ्यांत पहाटे आई उठून गेली की तिच्या जागेची ऊब संपेपर्यंतच झोप लागत असे, असे तिने लिहिले होते. निबंध आखून दिलेल्या शब्दसंख्येपेक्षा कमी पडला, म्हणून आम्ही त्याचे दोन गुण कापले. ते गुण आजही आम्हांला टोचतात. नाशिकचा पारा किती, निफाडचा किती, हे आम्हांला तेव्हाही पाठ होते.