बाळसे आणि काटा

तान्ह्या बाळाच्या वाढीसाठी मराठीत जे जुने शब्द आहेत, त्यांत आकडा कुठेच नाही. बाळाने बाळसे धरले, मान धरली, टाळू भरली, ते पालथे पडू लागले: प्रत्येक बोलण्यात कालच्या बाळाशी आजच्या बाळाची तुलना आहे. वजनाचा काटा बाळंतिणीच्या खोलीत शिरला तो फार उशिरा, आणि शिरताच त्याने ही तुलना बाजूला सारून जन्मवेळचा एक आकडा पुढे केला. त्या आकड्याने पुष्कळ कळले, यात शंका नाही. पण काट्याचा खरा उपयोग झाला तो बाळ पुन्हा पुन्हा तोलले गेले तेव्हाच, असे या प्रथेचा इतिहास पाहता दिसते.

युरोपातही अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाळ जन्मताच तोलायची रीत नव्हती. प्रसूतिशास्त्राच्या ग्रंथांतही वजनाचे फुगवलेले अंदाजच चालत. ग्योटिंगेनच्या योहान रोएडरर यांनी नवजात बालके प्रत्यक्ष तोलली-मोजली आणि १७५३ साली आपली निरीक्षणे छापली, तेव्हा तो फुगवटा उतरला. तरी हे शास्त्रज्ञाचे कुतूहल होते. त्याचा बाळाला उपयोग व्हायला आणखी शतकाहून अधिक काळ जावा लागला. पॅरिसच्या शारिते रुग्णालयात जन्मून धडधाकट घरी गेलेली मुले काही महिन्यांत हगवणीने दगावत, हे प्येर ब्यूदँ यांना डाचत होते. १८९२ साली त्यांनी अशा बाळांसाठी सल्ला-केंद्र उघडले. आयांनी बाळाला नियमित घेऊन यायचे, ते तोलायचे, दूध पुरते की नाही ते ठरवायचे. इथे काट्यावरचा आकडा मागच्या खेपेच्या आकड्याशेजारी लिहिला जाऊ लागला.

विसाव्या शतकात मात्र एकाच आकड्याचा दरारा वाढला. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्यो यांनी १९१९ साली अडीच किलोची सीमा सुचवली, १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती उचलली, आणि त्याखालचे प्रत्येक बाळ ‘अपुऱ्या दिवसांचे’ ठरले. यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होती. चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेले सव्वादोन किलोचे बाळ आपल्या दिवसांच्या मानाने बरोबर असते; त्याची अडचण कच्च्या फुप्फुसांची असते. तेवढ्याच वजनाचे एकोणचाळीस आठवड्यांचे बाळ दिवसांनी पुरे असते, पण पोटात असताना त्याची वाढ खुंटलेली असू शकते. १९६१ साली संघटनेने या बाळांना नुसते ‘कमी वजनाची’ म्हणायचे ठरवले, आणि १९६३ मध्ये अमेरिकेत लुला लुबचेंको यांनी गर्भाच्या आठवड्यांनुसार वजनाचे तक्ते मांडले. वजनाला दिवसांची जोड मिळाली तेव्हा कुठे आकडा बोलू लागला.

यावर एक आक्षेप हमखास येतो: भारतीय माणूस मुळातच लहान चणीचा, मग परक्यांचे माप आपल्या बाळांना कशाला? याचे उत्तर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक वाढ-मानकांत आहे. ती ज्या सहा देशांतल्या मुलांवरून घडली, त्यांत नॉर्वे, घाना, ब्राझील यांच्याबरोबर दिल्लीही होती. आईचे दूध, पुरेसे अन्न आणि स्वच्छ घर मिळालेल्या मुलांची उंची या सगळ्या ठिकाणी जवळपास सारखीच वाढली. लहान चण हे काही अटळ प्राक्तन नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. इथले सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तिथले ३.५. पण इथले बाळ हे तिथल्या बाळाची छोटी प्रत नव्हते. त्याचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच कमी भरले होते, त्या मानाने कातडीखालची चरबी मात्र टिकून होती. हा भेद पाठीवरच्या कातडीची चिमूट मापकाने मोजली तेव्हा उघड झाला; काट्याला तो कधीच दिसला नसता.

मग काटा टाकून आजीच्या नजरेवर विसंबावे काय? तसेही नाही. रोज पाहणाऱ्या डोळ्याला आठवड्यातली शंभर ग्रॅमची घट कळत नाही, आणि सुजेला बाळसे समजण्याची चूक सहज होते. शिवाय जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत निरोगी बाळाचेही वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. म्हणजे एकाच दिवशीचे वजन आईला उगाच घाबरवील किंवा उगाच निश्चिंत करील. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली. गावातलीच शिकवून तयार केलेली बाई महिनाभर पुन्हा पुन्हा घरी येई, बाळाला झोळीत घालून काट्याला लटकावी, ऊब आणि अंगावरचे दूध पाही, जंतुसंसर्ग दिसला तर औषध देई. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. हे यश एकट्या काट्याचे अर्थातच नव्हते. पण तो काटा जिच्या हाती होता, तिला बाळाचा मागचा आकडा ठाऊक होता आणि पुढच्या आठवड्यात ती परत येणार होती. बाळसे धरले की नाही, हे सांगायला आजीलाही एवढेच लागत असे.