बारा व्होल्टांवरची चित्रं

१९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, तेव्हा पोलादपूरच्या डोंगरातल्या काही वाड्यांत विजेचा खांब पोचला नव्हता. टीव्ही मात्र पोचला होता. मुंबईच्या गिरणीतल्या नाहीतर गोदीतल्या चाकरमान्याने आणलेला, चौदा इंची, ब्लॅक अँड व्हाइट, पाठीमागे बारा व्होल्टांची खाच असलेला. त्याला जीपची बॅटरी जोडायची. ती उतरली की एसटीच्या टपावर टाकून महाडला चार्जिंगला आणायची.

महाडच्या पेठेत आमच्या अण्णांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शनिवारी दारात बॅटऱ्यांची रांग, प्रत्येकीवर खडूने वाडीचं नाव, आणि घशाला लागणारा ॲसिडचा वास. नवा टीव्ही घ्यायला कुणी सल्ला मागितला, की अण्णा आधी त्याची बॅटरी केवढी ते विचारत. तो छोटा टीव्ही पंधरा-वीस वॅट खाई. रंगीत मोठा त्याच्या चौपट. वाडीला रंगाचं कौतुक परवडणारं नव्हतं.

आता दुकान मी चालवतो, बहुतेक काम मोबाइलचं. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी पेठेत शिरलं, त्यानंतर लोक फोन आणायचे आणि सोबत चिखलाने चिकटलेले अल्बमही. फोटो सोडवून, सुकवून मी त्यांच्या डिजिटल प्रती काढून ठेवत गेलो. त्या साठवायच्या आणि दुकानात पडद्यावर फिरत्या दाखवायच्या, एवढाच माझा छंद. वीज तेव्हा कित्येक दिवस नव्हती, म्हणून हिशेब अण्णांच्याच पद्धतीने केला: आधी बॅटरी.

घरातली १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. निम्म्याखाली उतरवायची नाही, तर ९००. जुना डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून शंभर वॅट धरले, तर नऊ तास. रास्पबेरी पाय ४ हा चिमुकला संगणक आणि त्याला लावलेली एसएसडी पाचेक वॅटवर निभावतात. पण ही जोडी इन्व्हर्टरवर लावली तर गंमत होते. बाराचे २३० करायला इन्व्हर्टर स्वतःच दहा-वीस वॅट गिळतो, आणि अडॅप्टर पुन्हा २३० चे पाच करतो. वरातीपेक्षा घोडं महाग! म्हणून बॅटरीवरून फ्यूज घालून थेट बक कन्व्हर्टर लावला, बाराचे पाच व्होल्ट. कन्व्हर्टरची घट धरून कागदावर सहा दिवस निघतात. हार्ड डिस्क मी घेतलीच नाही. टेबलावरची मोठी डिस्क फिरायला लागतानाच दोनेक अँपिअर ओढते.

पायमधली इतकं कमी खाणारी एआरएम जातीची चिप आली कुठून? केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी या जातीची पहिली घडवली. स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसवायची म्हणून ती तापून चालणार नव्हती. १९८५ च्या एप्रिलमध्ये पहिला एआरएम हाती आला, मोजायला लावलेला मीटर शून्य दाखवत होता आणि चिप चालू होती. मुख्य वीज जोडलेलीच नव्हती. शेजारच्या चिपांच्या तारांतून झिरपेल तेवढ्यावर तिचं भागत होतं. अण्णांना हा किस्सा फार आवडला असता. त्याच केंब्रिजातून २९ फेब्रुवारी २०१२ ला पहिला पाय ३५ डॉलरला विकायला आला. नवा पाय ५ वेगवान आहे खरा, पण पुरेपूर चालवायला पाच व्होल्टांवर पाच अँपिअरचा पुरवठा मागतो. फोटो उलटायला तो कशाला?

पडदा ई-पेपरचा, साडेसात इंची, काळा-पांढरा. त्याला छोटा पाय झिरो २ डब्ल्यू पुरतो. फोटो बदलताना पडदा काही सेकंद लुकलुकतो, तेवढ्यापुरतीच वीज खातो. बदलून झाल्यावर वायर काढली तरी चित्र तसंच राहतं. गिऱ्हाइकं रंग का नाही विचारतात. पेठेतले जुने फोटो मुळातच काळे-पांढरे, त्यामुळे माझी तक्रार नाही.

एसएसडी माळ्यावर, २०२१ च्या पुराच्या खुणेच्या बरीच वर. दुसरी प्रत दर गणपतीत चुलतभाऊ डोंबिवलीला घेऊन जातो आणि आधीची मला परत आणून देतो.