शेवटचा हात वाडीवाल्याचा

आगाशीच्या सुकेळ्यांचं पुडकं सोडलं की आधी वास येतो. वर केळीच्या सुक्या पानांचं वेष्टन, सोपटाचा बंद आणि आत गडद तपकिरी, चिकट, मधासारखं गोड फळ. त्यात साखर घातलेली नसते. राजेळी केळं आणि ऊन, एवढाच ऐवज.

आगाशी हे वसईजवळचं जुनं बंदर. 1530 आणि 1531 अशी लागोपाठ दोन वर्षं पोर्तुगीजांनी ते लुटलं. गाव भरभराटीचं असल्याशिवाय कुणी दोनदा येत नाही. 1534च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली, 1802 नंतर इंग्रजांचं वजन वाढलं. सत्ता बदलल्या, पण खाडी आणि समुद्र यांच्यामधली गोड्या पाण्याची बागायत चालूच राहिली. रहाटाने विहिरीचं पाणी पाटात सोडायचं आणि केळी, ऊस, पानवेल, भाजी पिकवायची, हा इथला संसार. 1908च्या इंपीरियल गॅझेटियरने आगाशीची ओली आणि सुकी दोन्ही केळी वाखाणली आहेत. म्हणजे तोवर सुकेळ्यांचं नाव गावाबाहेर चांगलंच पोचलं होतं.

केळी वाळवण्यामागे साधा हिशेब आहे. पिकलेलं केळं चार दिवसांत काळं पडतं. घेणाऱ्याला ते ठाऊक असतं, म्हणून तो थांबतो आणि विकणारा नमतो. सुकेळं महिनोन्‌महिने टिकतं, त्यामुळे घाई उरते ती घेणाऱ्याची. पण त्याची किंमत कष्टात मोजावी लागते. राजेळीचा लोंगर हाती यायला वर्षाहून जास्त काळ जातो. तो उतरवून पिकवायचा, एकेक केळं सोलायचं, मांडवावर उन्हात मांडायचं, दिवसा उलटत राहायचं, संध्याकाळी गोळा करून झाकायचं. असं जवळपास आठवडाभर. आभाळ भरून आलं की सगळा माल धोक्यात. साल जाते, पाणी उडतं आणि ढोबळमानाने चार-पाच किलो केळ्यांतून किलोभर सुकेळी उरतात. सोलणं, उलटणं, बांधणं यात घरातल्या बायकांचे हात सर्वांत जास्त. त्यांची मजुरी कुणीच धरत नाही. सुकेळी महाग आहेत अशी तक्रार करणाऱ्याने आधी ही बेरीज करून पाहावी.

इथे मला कोडगूचा छोटा कॉफीवाला आठवतो. तोही फळ तोडतो, अंगणात वाळवतो, आणि त्याचंही पाच-सहा किलो फळ वाळून-सोलून किलोभर बी होतं. 1942च्या कायद्यानंतर कॉफी बोर्ड त्याचा माल गोळा करून विकत असे. नव्वदच्या दशकात ती व्यवस्था टप्प्याटप्प्याने संपली आणि तो थेट बाजारभावाला सामोरा गेला. पण तेव्हाही आणि आताही, त्याच्या अंगणातून निघालेली कॉफी कुणी तशीच पिऊ शकत नाही. ती भाजायची, दळायची, पाकिटात भरायची, कपात ओतायची असते, आणि किमतीचा मोठा वाटा त्या पायऱ्यांवर, शहरात कापला जातो. सुकेळ्यांचं तसं नाही. वाडीतून निघालेलं सुकेळं थेट तोंडात जातं. शेवटचा हात वाडीवाल्याचा असतो. छोट्या शेतकऱ्याला इतकं पूर्ण पीक क्वचितच लाभतं.

मग सुकेळी करणं कमी का झालं? रेल्वेने एक वाट उघडली. 1867 मध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली आणि ताजा माल रोजच्या रोज शहरात जाऊ लागला. पहाटेच्या लोकलच्या लगेज डब्यात भाजी, फुलं, केळी घेऊन दादरपर्यंत जाणाऱ्या वसईवाल्या बायका मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. रोख पैसा रोज हातात पडत असताना आठवडाभर उन्हाची राखण कोण करणार? पुढे जळगावची केळी मुंबईत आली. तिथली सलग शेतं आणि ठरावीक दिवसांत येणारं पीक यांच्यापुढे गुंठ्यांतली राजेळी ताज्या फळाच्या भावात टिकणं शक्य नव्हतं.

खरा घाव मात्र जमीन आणि पाण्यावर पडला. इमारती उठल्या, टँकरनी विहिरी उपसल्या, खारं पाणी आत सरकलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध लोकांना उभं केलं. बागायत आज जेवढी उरली आहे, त्यात त्या लढ्याचा मोठा वाटा आहे. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. आता वाडीच्या तुकड्याला केळीपेक्षा बिल्डर कितीतरी अधिक मोल देतो, आणि मांडव घालायला मोकळं अंगण लागतं हे कुठल्याच आराखड्यात लिहिलेलं नसतं.

फळं-भाज्यांची नियमनमुक्ती 2016 मध्ये झाली. शेतकऱ्याने थेट विकायला कायद्याची आडकाठी राहिली नाही. उरतो तो गिऱ्हाइकाचा प्रश्न. आगाशी, नंदाखाल, बोळिंज या बाजूला हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात गेलात, तर सुकेळी करणाऱ्याच्या दारातूनच घ्या, आणि त्याने सांगितलेल्या भावात घासाघीस करू नका.